दुष्काळात वासराचे दूध केव्हा तोडावे?

पावसाने सप्टेंबरात पाठ फिरवली की वऱ्हाडात दुष्काळ आधी शेतात दिसतो, गोठ्यात मात्र तो सहा-सात महिन्यांनी शिरतो. दिवाळीच्या सुमारास सोयाबीनचे कुटार घरी आलेले असते. जानेवारी-फेब्रुवारीत तुरीचे येते, त्यामागून हरभऱ्याचे. डोळ्यांसमोर गंजी उभी असते, म्हणून कोणी घाबरत नाही. एप्रिलमध्ये गंजीचा तळ लागतो. तोवर गाईच्या फासळ्या दुरून मोजता येऊ लागतात आणि दसऱ्याला जन्मलेले तिचे सहा-सात महिन्यांचे वासरू अजून कासेला ढुसण्या देत असते. मग ढेपेचे पोते उधारीवर आणायचे, नाहीतर परतवाड्याच्या बाजाराची वाट धरायची, एवढेच दोन मार्ग उरतात.

तिसरा मार्ग आहे, पण तो एप्रिलमध्ये सापडत नाही. दुष्काळाच्या वर्षी वासराला एरवीपेक्षा लवकर, म्हणजे तीन ते चार महिन्यांचे असतानाच, आईच्या दुधावरून खाद्यावर आणावे आणि आईला आटू द्यावे. यात वासरू जगते, आई तगते आणि पुढचे वेत हातचे जात नाही. ऑस्ट्रेलियात आणि अमेरिकेच्या कुरणपट्ट्यांत मांसासाठी गुरे पाळणारे लोक एरवी वासरू सहा-आठ महिन्यांचे झाल्यावर तोडतात. पाऊस दगा देतो त्या वर्षी तेही हा काळ तीन-चार महिन्यांवर आणतात. आपल्याकडे गोवंश मांसासाठी पाळला जात नाही. १९७६ च्या महाराष्ट्र प्राणी रक्षण कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाल्यापासून गाईबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीलाही बंदी आहे. पण त्यांचा हिशेब आणि आपला हिशेब एकच आहे: चारा थोडा असताना तो आईच्या अंगातून फिरवून दुधाच्या रूपाने वासराला द्यायचा, की थेट वासराच्या तोंडी घालायचा?

थेट द्यावा, हे माझे स्पष्ट मत आहे. त्यामागचे कारण गाईच्या शरीरात आहे. चाऱ्यातली बरीच शक्ती गाय स्वतःला जगवण्यात खर्च करते, उरलेल्याचे दूध करते, आणि चारा कमी पडला की अंगावरची चरबी व मांस वितळवून दूध देत राहते. देशी गाय या बाबतीत फार माउली असते. ती स्वतः झिजते, पण वासराला उपाशी ठेवत नाही. वासरू लुचत असेतोवर आणि अंग खंगलेले असेतोवर ती माजावर येत नाही. एक वर्ष असे गेले की पुढच्या वर्षी गोठ्यात दूधही नाही आणि वासरूही नाही. लवकर दूध तोडले तर भाकड गाईला साधारण दोन-तृतीयांश खुराकात भागते आणि पाणीही पुष्कळ कमी लागते. दुधाच्या दर लिटरमागे गाईला तीन-चार लिटर जास्त पाणी प्यावे लागते, ही गोष्ट खारपाणपट्ट्यातल्या माणसाला वेगळी समजावून सांगायला नको.

आता गंजी मोजा. तीनशे किलोच्या गावरान गाईला दिवसाला साडेसात किलोच्या आसपास सुका चारा लागतो. होळीपासून जुलैअखेर, म्हणजे नवा हिरवा चारा बांधावर येईपर्यंत, साडेचार महिने धरले तर एका गाईला सुमारे दहा क्विंटल. बैलजोडी असेल तर तिचे वेगळे धरा. बैल वजनाने भारी असतो. गंजीचा अंदाज नजरेने बांधू नका. एक टोपले कुटार काट्यावर तोला, दिवसाला किती टोपली जातात ते आठवडाभर भिंतीवर खडूने लिहा, आणि मग गंजीतून किती टोपली निघतील ते काढा. ज्वारीचा पेरा सोयाबीनने खाऊन टाकल्यापासून कडबा घरात उरलेला नाही. त्यामुळे हा हिशेब आजोबांच्या काळापेक्षा आज जास्त कडक झाला आहे. बहिरमच्या यात्रेपर्यंत, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, ज्याचा हिशेब तुटीचा निघेल, त्याने दूध तोडण्याची तयारी त्याच आठवड्यात सुरू करावी. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी राज्य सरकारने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात अमरावती आणि अकोला या दोन्ही जिल्ह्यांतले तालुके होते. अशी घोषणा झाली म्हणजे आपल्या गव्हाणीत दुसऱ्या दिवशी चारा पडत नाही. निर्णय आपला आपणच घ्यायचा असतो.

वासराचे पोट तयार झाले का?

वासराच्या वयापेक्षा त्याचे पोट महत्त्वाचे. जन्मतः वासराचे पोट दूध पचवण्यापुरतेच असते. रवंथ करणारे मोठे पोट, म्हणजे कोटीपोट, हळूहळू वाढते, आणि ते दुधाने वाढत नाही, दाण्याने आणि चाऱ्याने वाढते. नुसत्या दुधावर ठेवलेले चार महिन्यांचे वासरू एकाएकी तोडले तर ते कुटारापुढे उभे राहून वाळते. उलट दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून भरडा चाखत आलेले वासरू अडीच-तीन महिन्यांत दुधावाचून राहू शकते. दोन महिन्यांच्या आत कोणत्याही कारणाने दूध तोडू नये. दुष्काळ असला तरी नाही.

म्हणून तयारी जन्मापासूनची आहे. पहिला चीक वासराच्या पोटात पहिल्या एक-दोन तासांत गेला पाहिजे, आणि चोवीस तासांत वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका. वीस-बावीस किलोच्या वासराला म्हणजे दोन लिटरच्या वर. वार पडल्याशिवाय चीक पाजायचा नाही, ही समजूत अजून कित्येक गोठ्यांत आहे आणि ती वासरे मारते. पहिले तीन आठवडे वजनाच्या दहाव्या हिश्शाइतके दूध, पुढचे दोन आठवडे पंधराव्या, त्यानंतर विसाव्या हिश्शाइतके, असे ते उतरत आणावे. मापून पाजणे जमत नसेल तर आपली जुनी रीत चालते: आधी दोन सड वासराला, मग एक, मग दोन वेळांऐवजी एकाच वेळी.

भरडा शिकवण्याला वेळ द्यावा लागतो. सकाळी वासरू लुचून बाजूला झाले, ओठांवर फेस आहे, तेव्हाच चिमूटभर ओलसर भरडा त्याच्या नाकपुडीखाली आणि जिभेवर लावायचा. ते डोके झटकते, फुरफुरते, मग जीभ बाहेर काढून नाक चाटते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते तळहात चाटायला लागते. तळहात हळूहळू खाली नेत घमेल्यात टेकवायचा आणि वासरू खात असतानाच काढून घ्यायचा. घमेले उथळ असावे, रोज धुतलेले असावे, आणि उरलेला भरडा संध्याकाळी आईपुढे टाकून सकाळी नवा ठेवावा. आंबलेल्या भरड्याला वासरू तोंड लावत नाही, आणि आपण म्हणतो, ‘याला खाताच येत नाही.’ घरातल्या बायका आणि शाळकरी मुले हे काम सगळ्यांत चांगले करतात; घाई नसलेल्या हातांचे हे काम आहे.

सलग तीन दिवस वासराने अर्धा ते पाऊण किलो भरडा संपवला आणि त्याला रवंथ करताना तुम्ही रोज पाहता आहात, तर दूध तोडायला ते तयार झाले, असे समजावे. वजन काढायला काटा नको. शिवणकामाची मापाची फीत घ्या. पुढच्या पायांमागून छातीचा घेर इंचांत, आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी इंचांत. घेराला घेराने गुणा, मग लांबीने गुणा, आणि ६६० ने भागा. घेर ३६ आणि लांबी ३० असेल तर वजन ५९ किलोच्या आसपास येते. दर पंधरवड्याला हा आकडा लिहून ठेवला की वासरू चढते आहे की उतरते आहे, हे केसांच्या चकाकीवरून तर्क करण्याची गरज उरत नाही. गावरान वासराने दिवसाला तीनशे-चारशे ग्रॅम वाढ दिली तर दुष्काळात ती उत्तम म्हणावी.

वासराला सरकीची ढेप घालू नका

हा भाग मी मुद्दाम सविस्तर लिहितो आहे, कारण अकोला म्हणजे सरकी ढेपेची मोठी बाजारपेठ, वायदेबाजारातला ढेपेचा भावही अकोल्याचा धरला जातो, आणि आपल्या घरात खुराक म्हटला की पहिला हात ढेपेच्या पोत्यात जातो. सरकीत गॉसिपॉल नावाचे विषारी द्रव्य असते. मोठ्या जनावराच्या कोटीपोटात ते बरेचसे बांधले जाऊन निष्प्रभ होते. वासराचे कोटीपोट कच्चे असल्याने तिथे ते होत नाही. विष साचत जाते आणि हृदयावर परिणाम करते. वासरू धापा टाकते, खाणे सोडते, आणि एखाद्या सकाळी मेलेले सापडते. ‘चांगले खातेपिते होते, एकाएकी गेले’ असे आपण म्हणतो, तेव्हा पोटात बहुधा कित्येक आठवड्यांची ढेप असते. चार महिन्यांपर्यंत सरकी आणि सरकीची ढेप वासराच्या घमेल्यात येऊच देऊ नये. सहा महिन्यांपर्यंतही ती मूठभरापलीकडे जाऊ नये.

मग काय द्यावे? आपल्याच दोन जिल्ह्यांत सगळे मिळते. मक्याचा किंवा ज्वारीचा भरडा ४५ किलो, सोयाबीनची पेंड २५ किलो, दालमिलमधली तुरीची किंवा मुगाची चुनी १५ किलो, गव्हाचा कोंडा १२ किलो, क्षारमिश्रण २ किलो आणि मीठ १ किलो. हे झाले शंभर किलो, आणि त्यात वीस टक्क्यांच्या जवळपास प्रथिने येतात. पेंड म्हणजे तेल काढलेली पेंड. घरचे कच्चे सोयाबीन दळून घालू नये, वासराला ते पचत नाही आणि हगवण लागते. शेंगदाण्याची पेंड बुरशी लागलेली असेल तर स्वस्त म्हणून घेऊ नका. खारपाणपट्ट्यात पाण्यातूनच क्षार जातात, तिथे मीठ वगळावे. युरिया मात्र सहा महिन्यांच्या आतल्या वासराला कोणत्याही रूपात नको.

दूध तोडल्यावर सुरुवातीला दिवसाला पाऊण ते एक किलो आणि पाचव्या-सहाव्या महिन्यात दीड किलोपर्यंत हा खुराक दोन-तीन वेळांत विभागून द्यावा. एका वासराचे तीन महिन्यांचे गणित एक क्विंटलच्या थोडे वर जाते. खर्च आहे, पण आईला उन्हाळाभर दुधावर ठेवण्यापेक्षा तो कमी आहे. सोबत तुरीच्या किंवा हरभऱ्याच्या कुटारातला पाला व टरफलांचा मऊ भाग निवडून द्यावा. दांड्या मोठ्या जनावरांना. सोयाबीनचे कुटार भरड असते, वासराचे तोंड सोलते, ते आईच्या वाट्याला टाका.

सुक्या कुटारावर वाढणाऱ्या वासराला ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडते. डोळ्यांतून पाणी, संध्याकाळी ठेचकाळणे ही त्याची खूण. बांधावरची शेवरी, हादगा, शेवगा, बोरीचा पाला रोज एक मोठी मूठ मिळाला तरी फरक पडतो. सुबाभूळ असेल तर हिरव्या पाल्यात त्याचा वाटा एक-तृतीयांशाच्या वर नको. आणि खुडलेल्या ज्वारीच्या धसकटांना फुटलेले कोवळे, कोमेजलेले फुटवे पाहून वासरे सोडू नका. किराळ, म्हणजे या फुटव्यांची विषबाधा, लागली तर डॉक्टर येईपर्यंतही जनावर टिकत नाही.

तोडण्याचा आठवडा

महिना निवडण्यात चूक होऊ देऊ नये. मार्चच्या मध्यापर्यंत हे काम उरकावे. अकोल्यात पारा ४५ अंशांपुढे जातो त्या दिवसांत दूधही तोडायचे, जागाही बदलायची आणि लसही टोचायची, असे केले तर वासराला काहीच सोसत नाही. लाळ्या-खुरकूत, घटसर्प, फऱ्या यांच्या वयाप्रमाणे लागणाऱ्या लसी दूध तोडण्याआधी दोन-तीन आठवडे उरकाव्यात. कालवडींना चार ते आठ महिन्यांच्या दरम्यान सांसर्गिक गर्भपाताची लस एकदाच द्यायची असते, तीही याच हिशेबात बसवावी. २०२२ च्या लम्पीने अकोला, अमरावती आणि बुलढाण्यात काय केले ते सगळ्यांना आठवत असेल. ती लस चुकवू नका. जंताचे औषध मात्र फार आधीचे आहे: वयाच्या दहाव्या ते पंधराव्या दिवसाच्या सुमारास पहिले, आणि मग सहा महिन्यांचे होईपर्यंत दर महिन्याला, डॉक्टरांना विचारून. जंत असलेल्या वासराला खुराक घालणे म्हणजे जंतांनाच जेवू घालणे.

वेगळे करताना आईला आणि वासराला गावाच्या दोन टोकांना नेऊ नका. मध्ये मजबूत आडोसा घालून शेजारीशेजारीच ठेवा: एकमेकांना दिसावीत, हुंगता यावीत, पण कास तोंडात येऊ नये. अशाने हंबरणे कमी होते आणि खाणे लवकर सुरू होते. पहिले तीन-चार दिवस दोघे हंबरतील. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना ते ऐकवत नाही आणि कोणीतरी रात्री दावे सोडते. त्यांना आधीच विश्वासात घ्यावे. वासरू एकटे ठेवू नये. शेजारच्याचे त्याच वयाचे असेल तर दोन्ही एकत्र बांधावीत. काटेरी मुसके वापरणारे अजून आहेत. त्याने कासेला जखमा होतात आणि गाय लाथा झाडते, म्हणून ते टाळावे.

आईचा खुराक त्याच दिवशी उतरवायचा, ढेप चार-पाच दिवस बंद. कास भरेल, ताठेल, मग आपोआप ओसरेल. दिवसातून एकदा हात लावून पाहा. एखादा सड गरम, दुखरा, गाठाळ वाटला तर कासदाह समजून लगेच डॉक्टर गाठा. कास ओसरल्यावर आईला युरियाची प्रक्रिया केलेले कुटार घालता येते: शंभर किलो कुटाराला चार किलो युरिया पन्नास लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थरांवर शिंपायचा, तुडवून हवाबंद झाकायचे, एकवीस दिवसांनी उघडून वास उडू दिला की हळूहळू सवय लावायची. सोबत अर्धा-एक किलो ढेप तिला जरूर द्या. ढेपेची खरी जागा तिथेच आहे.

आणि पाणी. दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर या पूर्णेच्या खोऱ्यातल्या तालुक्यांत कित्येक गावांच्या विहिरी-बोअर खारट आहेत. उन्हाळ्यात पातळी खाली गेली की ते पाणी आणखी खारवते. मोठे जनावर सोसते, नुकतेच दूध तुटलेले वासरू हगते. वान धरणावरच्या ८४ खेडी योजनेसारखे नळाचे गोडे पाणी जिथे येते तिथे पहिल्या दोन बादल्या वासराच्या. दिवसाला आठ-दहा लिटर, सावलीत, सतत समोर. तुराट्या-पऱ्हाट्यांचा मांडव पुरतो, फक्त पश्चिमेची बाजू झाका.

म्हशीचे थोडे निराळे आहे. पूर्णाथडी असो की अचलपूरकडची नागपुरी, वगारू चार महिन्यांच्या आत तोडू नये. गोलजंतांचा जोर म्हशीच्या पिल्लात जास्त, आणि वाढही सावकाश. दुधाचा धंदा म्हशीवर असेल तर आटवण्याचा प्रश्नच नसतो. तिथे वगारू भरड्यावर आणून म्हशीला आंबोण पुढ्यात ठेवून हाताने पान्हा सोडायची सवय लावतात. गावरान किंवा गवळाऊ गाय मात्र वासरू पुढ्यात नसेल तर पान्हा चोरते, हे धरूनच चालावे. घरच्या चहापुरते दूध हवे म्हणून वासरू अर्धवट ठेवण्याने तिघांचेही हाल होतात. चिखलदऱ्याच्या पठारावरच्या गवळी बांधवांची गुरे रानात चरतात. तिथे भरडा वाहून नेणे महाग पडते, म्हणून सगळी वासरे न तोडता पहिलारू गाई आणि फार खंगलेल्या गाई यांचीच तोडावीत.

नर वासरांबद्दल एक विनंती आहे. वगार आणि कालवड जपली जाते, गोऱ्ह्याला आणि हेल्याला घमेले शेवटी मिळते, किंवा मिळतच नाही. दावणीला उपाशी मरू देणे हा दुष्काळातला उपाय नव्हे. चांगला वाढलेला गोऱ्हा अडीच-तीन वर्षांत औताला लागतो. आणि पोसणे शक्य नसेल तर दूध तोडून, जंत काढून, खायला शिकवूनच तो दुसऱ्याच्या दावणीला द्यावा.

दूध तोडल्यानंतरच्या पंधरा दिवसांत पातळ शेण, ताप, खोकला किंवा एक पूर्ण दिवस खाणे बंद दिसले तर थांबू नका. तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना आहे, १९६२ हा मदतीचा फोन आहे, आणि अवघड दुखणे असेल तर अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आपल्याच जिल्ह्यात आहे. यंदा पावसाने हात आखडला असेल, तर कुटार मोजायला उद्या सकाळीच सुरुवात करा.